खडू अक्कांच्या हाती

रामदासनाना ग्रामसभेत उभे राहिले की आधी सुमनअक्कांना पुढे बसवत. सरपंचपदासाठी नानांच्या विरोधात पॅनल उभं करून हरलेल्या त्या बाई. "अक्का, मी खोटं बोलनू ते तठेच टोक," असं बजावून मग नाना बोलायला लागत.

शिंदखेडा तालुक्यातलं हे गाव माझ्या वाट्याला होतं. धुळ्याच्या दैनिकात बरीच वर्षं बातमीदारी केल्यामुळे असल्या नम्रतेचा मला संशयच येई.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गावच्या शाळेत ऑक्सिजनचे आठ बेड लागले. डॉक्टर ज्याला ऑक्सिजन सांगतील त्याचं नाव, बेड मिळेपर्यंत, व्हरांड्यातल्या फळ्यावर, आलेल्या क्रमाने. लिहिण्या-पुसण्याचा अधिकार नानांनी अक्कांना दिला. दिल्लीपासून गल्लीपर्यंत प्रत्येक पुढारी तेव्हा 'विश्वास ठेवा' म्हणत होता. नानांचं उलटं. "मन्हावर भरोसा ठेवू नका, नजर ठेवा." मला वाटलं, उद्या बोट दाखवायला दुसरं कोणी असावं म्हणून ही सोय. सरळ वरून खाली चालणारी यादी मी तोवर पाहिली नव्हती.

मग नानांच्या पत्नी वत्सलाबाईंचं नाव फळ्यावर आलं. चौथं. त्या दिवशी मी कॅमेरा घेऊन सकाळपासून व्हरांड्यात उभा राहिलो. मथळाही तयार होता: सरपंचांच्या पत्नीला रांग मोडून बेड.

दुपारी एक बेड रिकामा झाला. अक्कांनी वत्सलाबाईंचं नाव पुसलं आणि सगळ्यात वर लिहिलं.

"हाई काय, अक्का?" नानांनी विचारलं.

"वहिनीले धाप लागेल शे. कोन काय बोली, नाना? मीच ते तुमनी विरोधक!"

"म्हनीसनच तुन्हा हातमा खडू दिधा ना?"

नानांनी खडू घेतला नाही. सदऱ्याच्या बाहीने वरचं नाव पुसलं. "आते लिख. चौथी."

अक्कांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. पहिल्या क्रमांकावरच्या माणसाला आत नेलं. तो आजही नरडाण्याच्या कारखान्यात कामाला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाव दुसऱ्या क्रमांकावर पोचलेलं असताना, वत्सलाबाई गेल्या. नाव अक्कांनीच पुसलं.

फळ्यासमोर उभ्या नानांचा फोटो आम्ही पहिल्या पानावर छापला. पुढची निवडणूक नाना हरले. पारावर लोक म्हणत, "बायकोले वाचाडता उनं नई, आमले काय वाचाडी?" सरपंच अक्का झाल्या. ग्रामसभेत नाना पुढच्या रांगेत बसू लागले. अक्कांनीच बसवलं होतं.

माझा संशय मात्र गेला नव्हता. माझा कॅमेरा नानांनी त्या दिवशी सकाळीच पाहिला होता. गेल्या वर्षी, नाना वारले त्याच्या काही महिने आधी, मी सरळ विचारलं, "नाना, त्या दिवशी मी तिथे नसतो तर?"



"तू व्हता म्हनीसन निभनं, भाऊ. तू नई ऱ्हाता, ते मी फळाले बाही लावतूच नई."