वाढत्या मापाचा कार्ब्युरेटर

जूनचा दुसरा शनिवार. आजची कामं दोन: जुन्या गाडीला नवा कार्ब्युरेटर बसवणे आणि सईला त्याच गाडीतून शाळेच्या बॉलला पोहोचवणे.

बॉल म्हणजे इकडे परदेशातल्या शाळांमधला नाचाचा समारंभ. पोरी नाचतात किती देव जाणे, पण कोण कशातून उतरलं हे वर्षभर चघळतात. सईला बापानं गॅरेजमध्ये तीन वर्षं खपून उभी केलेली लाल गाडीच हवी होती. गाडीत सगळं होतं, फक्त कार्ब्युरेटर नव्हता (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं यंत्र, मलाही याच वर्षी कळलं).

कुठल्या मापाचा घ्यायचा, यावर माझा नवरा शिरीष तीन आठवडे एक्सेल शीट भरत होता. शेवटी दोन मापं उरली, बत्तीस मिलिमीटर आणि अडतीस. तिथे तो घुटमळला. मी फार्मसिस्ट आहे, मला घुटमळायला वेळ नसतो.

"अडतीसचा घेऊन टाक."

"अगं, तोंड मोठं झालं की हवा मंदावते. हळू चालवताना पेट्रोल ओढलंच जाणार नाही."

"वाढत्या मापाचंच घ्यावं! सईचे युनिफॉर्म, बूट, सगळं मी एक नंबर मोठंच घेतलं. बिघडलं काही?"

"आई, इंजिन्स डोन्ट हॅव ग्रोथ स्पर्ट्स!" सई म्हणाली. (मराठी कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत!)

मी अडतीसचा मागवला.

शनिवारी दुपारी शिरीषनं तो बसवला. गाडी वाघासारखी गुरगुरली.

"बघ!" मी म्हणाले.

"पाय काढला की बंद पडतेय."

"मग काढू नकोस!"

आमच्या न्यू लिन उपनगरातल्या मोठ्या रस्त्याला आम्ही सुसाट निघालो. सई मागे नाचाचा झगमगीत गाऊन सावरत बसली होती. पहिल्या राउंडअबाउटला गाडी खोकली, दुसऱ्याला ठसकली. शाळेच्या गेटपाशी बघतो तर लिमोझिनची रांग, गोगलगायीच्या चालीनं सरकणारी!

"ब्रेक लावला तर मरेल!" शिरीष ओरडला.

"मग लावू नकोस!"

"समोर लिमोझिन आहे!"

ब्रेक लावला. गाडीनं तिथेच मान टाकली. मागे सतरा हॉर्न. मी फ्लीसचं जाड जॅकेट (इथे जूनमध्ये थंडी) आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अशा अवतारात उतरले आणि ढकलायला लागले. जँडल घसरत होती, गाडी हलत नव्हती.

"शिरीष, गिअर काढ आधी! गिअर!"

"आई, प्लीज, प्रिटेंड यू डोन्ट नो मी!" सीटखालून आवाज आला.

एवढ्यात पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या असलेल्या प्रिन्सिपलबाई उंच टाचांचे बूट काढून माझ्या शेजारी आल्या. "किया ओरा!" असा इथला नमस्कार घालून त्या म्हणाल्या, "वन, टू, थ्री!" शाळेच्या इतिहासात प्रिन्सिपलनं स्वतः ढकलत आत आणलेली एकमेव मुलगी म्हणजे आमची सई. उतरली तेव्हा तिच्या गाऊनला पेट्रोलचा वास येत होता. फोटो शंभरेक निघाले असतील. सगळ्यांत मी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या केव्हिनला बोलावून आणलं. तो जन्मभर मेकॅनिक होता, आता गुलाब लावतो. बॉनेट उघडून तो पोट धरून हसला.

"हा तर ट्रकला पुरेल! कुणी निवडला?"

"नवऱ्यानं!" मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं.

शिरीष शेजारीच पाना घेऊन उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नट सैल करायला वाकला. मीही लगेच टॉर्च धरला. नवऱ्याच्या चुका निस्तरताना बायकोनं एवढं तरी करायलाच हवं!