प्रत माहितीस्तव

आमच्या केनवडला एकाच साहेबाच्या नावानं अर्ज कोणी करत नाही. खाली ‘प्रत माहितीस्तव’ लिहायचं आणि तालुक्यापासून मंत्रालयापर्यंत दहा नावं मांडायची. एकानं अर्ज दाबला तरी बाकीच्या नऊ जणांची धास्ती राहते. गावातला हातपंप मी असाच दुरुस्त करून घेतला. म्हणून लेकीच्या वसतिगृहाचा मेलही तसाच लिहिला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

वाशीमच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. वसतिगृहाच्या यादीत नावही लागलं होतं. जागा पाहिजे की नको, एवढं शुक्रवारपर्यंत मेलनं कळवायचं होतं. जागा गेली की शिक्षणही गेलं, कारण रोज एसटीनं जाणं-येणं तिच्या बापाला मंजूर नव्हतं. मी गुरुवारीच कागदावर अर्ज लिहिला, तिची सही घेतली, मोबाइलवर फोटो काढला आणि धाडला. विषय, ‘अत्यंत तातडीचे!!!’ प्रती दहा कार्यालयांना.

सोमवारी सकाळी लेकीनं वसतिगृहाला फोन केला तर उत्तर आलं, तुमचा मेलच नाही, जागा दुपारी प्रतीक्षा यादीला जाणार. पोरगी रडायलाच लागली. “आई वं, तू खरंच धाडला होता ना?” माझं डोकंच सरकलं. हातातलं काम टाकलं आणि तिला घेऊन मिळेल त्या गाडीनं वाशीम गाठलं.

वसतिगृहाच्या बाबूनं संगणक माझ्याकडे वळवला. “काकू, पाहा तुमीच. काहीच नाही.”

“सगळे कप्पे दाखवा.”

त्यानं तोंड वाकडं करून स्पॅमचा कप्पा उघडला. लॉटरी, टकलावर केस उगवायचं तेल, आणि त्याच पंगतीत माझ्या लेकीचा अर्ज!

“असा मेल लिहितेत काय, काकू? आत एक अक्षर नाही, नुसता फोटो. वरून तीन उद्गारचिन्हं, अन् एकदम दहा जणांले. मशीनले वाटते, हा कोणी ठकबाज आहे.”

“मशीनले वाटू द्या. तुमाले डोळे आहेत ना? गुरुवारची तारीख दिसते ना?”

“आता कसं होईन पण…”

“होईन. मी हलत नाही इथून.”

आणि खुर्ची ओढून बसले. आवाज काही खाली आला नाही. ठकबाज म्हणे! उभ्या जन्मात कोणाची काडी उचलली नाही मी. गरज असलेला माणूस मोठ्यानंच बोलतो. हळू बोलून आमचं कोणी ऐकलं आहे का कधी?

तो आवाज ऐकून आतल्या वॉर्डन मॅडम बाहेर आल्या. त्यांनी तारीख पाहिली आणि लेकीचं नाव तिथल्या तिथं पक्कं केलं. मग म्हणाल्या, “यंदा चार जणींचं उत्तरच आलं नव्हतं. मला वाटलं, पोरींनाच गरज नाही. बाबू, अजून खाली बघा जरा.”

खाली आणखी तीन अर्ज निघाले. तिन्ही फोटो काढून धाडलेले.

बाबूनं पहिला नंबर लावला, मेडशी गावचा. फोन स्पीकरवर होता. पोरीच्या बापानं उचलला. “जागा गेली म्हणे ना, साहेब. पोरगी आता तण निंदाले गेली वावरात.”

मी बाबूच्या हातातून फोन ओढला. “जागा गेली नाही, दादा. वावरात जा अन् तिले घेऊन या. आत्ताच्या आत्ता. मी इथंच बसली आहो.”