गडद ओठांची डॉक्टर

आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या आमच्या हॉस्पिटलात नागपूरची एक डॉक्टर आहे. ती रोज मूकपटातल्या नायिकेसारखी नटून येते: दोऱ्याएवढ्या बारीक भुवया, काजळानं भरलेले डोळे आणि बदामाच्या आकारात रंगवलेले गडद ओठ. पार्किंगमध्ये गाडीच्या आरशात बघून लिपस्टिकचा शेवटचा हात फिरवल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नाही.

"वॉर्डात इतकं कशाला गं? जुन्या मूकपटासारखं नाटकी दिसतं," मी एकदा तोंडावर म्हटलं.

"त्या सिनेमात आवाज नव्हता नं. सगळं चेहऱ्यानंच सांगायचं. मला तेच आवडतं," ती म्हणाली आणि राउंडला निघून गेली.

परवा दुपारी एका ठार बहिऱ्या आजोबांना मी उद्याच्या ऑपरेशनबद्दल ओरडून सांगत होते. शेजारचे पेशंट दचकून जागे झाले. आजोबा मात्र घाबरून नुसते बघत होते. ती आली, त्यांच्यासमोर बसली आणि जराही आवाज न काढता, नुसते ओठ हलवत सावकाश बोलली. आजोबांचा चेहरा खुलला. "ग्रँड," ते म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'छान, ठीक'.

ती गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुझ्या मैत्रिणीचा आवाज किती स्वच्छ आहे!"