प्रोफेसरचं ॲप आणि ताईचा गुडघा

सलूनवाल्याला गिऱ्हाइकं ‘प्रोफेसर’ म्हणायची, आणि या बाबाला ते खरंच वाटायचं! शिकला नववीपर्यंत, पण विज्ञानाच्या बातम्यांचं ॲप फोनमध्ये आल्यापासून स्वारी अशी अक्कल पाजळायची की विचारू नका. गालभर फेस माखलेला माणूस उलट बोलणार तरी कसा?

ॲपला उगाच नावं ठेवू नयेत म्हणा. बातमी साध्या भाषेत, तीन मिनिटांत संपणारी, वर ते ती वाचूनही दाखवायचं. म्हणजे याचे हात कात्रीला मोकळे. पण एक खोड वाईट. नवा शोध लागला की घंटा वाजवून दुकान डोक्यावर घ्यायचं, आणि शोध फुसका निघाला की ‘दुरुस्त्या’ नावाच्या पानावर, पार तळाशी, गुपचूप दोन ओळी टाकून मोकळं.

एकदा घंटा वाजली ती झिजलेला गुडघा आतून भरून आणणाऱ्या इंजेक्शनसाठी. प्रोफेसरने हातातली दाढी अर्धवट टाकून थोरल्या बहिणीला फोन लावला. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली होती.

"ताई, कापाकापी कशाला? वर्षभर थांब की!"

ताईने तारीख रद्द केली.

महिन्याभराने फेसाळलेलं बोट स्क्रीनवर घसरलं आणि नेमकं ते पान उघडलं. प्रयोग शेळ्यांवर झाला होता, आणि आकडे चुकले म्हणून शोधही मागे घेतला होता. प्रोफेसरच्या तोंडचं पाणी पळालं. गिऱ्हाईक खुर्चीतच सोडून पठ्ठ्या धावत सुटला.

ताई जिन्यात सापडली. एकेक पायरी बसून चढत होती. त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"ताई, चुकलं माझं. ती बातमी... शेळ्यांची होती गं."

"ठाऊक आहे. रद्द करायला गेले तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं."

"मग तरीही?"

"घाबरले होते रे. बेशुद्ध करतात, आणि उठलेच नाही तर? या वयात भीती वाटते म्हणायची लाज वाटली. भाऊ नको म्हणतो, हे सांगायला बरं पडलं."

महिनाभर प्रोफेसरने तिला ढीगभर बातम्या ऐकवल्या होत्या, पण भीती वाटते का, एवढं एकदाही विचारलं नव्हतं. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला.

"उद्या दोघं जाऊ. नवी तारीख घेऊ. ऑपरेशन होईस्तोवर मी दाराबाहेर बसेन."

ताईने पदराने डोळे पुसले.

"बस. पण तिथल्या डॉक्टरांना काही शिकवू नकोस."