अनुसयाबाईच्या वावरातली पऱ्हाटी

अनुसयाबाई माझी बहीण न्हाई, जाऊ न्हाई, पण तांड्यात तिच्या भिंतीला माझी भिंत. माझं तोंड फाटकं, तिचं शिवल्यावानी. म्हणून तिचं मलाच सांगावं लागून राहिलं.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडं तिचं वावर. वरच्या अंगाला एका बाहेरच्या माणसानं पत्र्याचं शेड घालून ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचं, शिसं वितळवायचं काम मांडलं होतं. धूर आमच्या डोक्यावर, घाण पाणी उतारानं तिच्या वावरात. मग गाशा गुंडाळून मेला पळाला. पुढं तिची नात मिना पोट धरून रडायला लागली, खाल्लेलं अंगी लागंना. नांदेडच्या डॉक्टरनं तपासलं तर रक्तात शिसं. एवढ्याशा लेकराच्या रक्तात शिसं! मी त्या शेडवाल्याला इतक्या शिव्या घातल्या की घसा बसला. अनुसया नुसती वावराकडं बघत राहिली.

कृषीवाल्या बाईंनी माती तपासून आणली. म्हणाल्या, "आजी, शिसं मातीतून निघून जात नाही. पण भरपूर शेणखत, गांडूळखत, कोळशाची पूड घाला. ते शिसं धरून ठेवतं, पिकात कमी चढू देतं. तरी खायचं काही पेरू नका. कापूस लावा."

मग अनुसया अशी पेटली! मेथी बंद, तूर बंद, हळद बंद. साऱ्या तांड्याचं शेण गोळा करून उकिरडा भरायची, टोपल्यानं वावरात नेऊन टाकायची. मी म्हणायची, "अगं, शेणापायी जीव देतीस काय?" ती म्हणायची, "मिनाचं रक्त साफ झालं पायजे." सून नितानं आधीच बजावलं होतं, औंदा शिसं उतरलं न्हाई तर लेकराला घेऊन आमी पुण्याला चाललो.

कापूस छातीएवढा आला, वेचूनबी झाला, वर चार महिने गेले. पुन्हा तपासलं तर मिनाच्या रक्तातलं शिसं मात्र उतरलं न्हाई, उलट चढलं.

कृषीवाल्या बाई ते ऐकून घरी आल्या. अनुसया दारात बसून मिनाच्या दुधाचं पातेलं राखेनं घासून राहिली होती. बाईंनी विचारलं, "ही राख कशाची?"

"चुलीची. आनखी कशाची असणार?" मीच मधी तोंड घातलं.

"चुलीत काय जाळता?"

पऱ्हाटी, कापसाच्या वाळल्या काड्या. त्याच वावरातली. आमच्यात कापूस वेचला की पऱ्हाटी उपटून घरी आणायची, सालभर तीच चुलीत. राख भांड्याला, उरलेली उकिरड्यावर, उकिरडा पुन्हा वावरात. काही वाया घालवायचं न्हाई, असंच आमच्या सासवांनी शिकवलं. बाईंनी राखेची चिमूट उचलून पाहिली. "काड्यांचं मी सांगायला पाहिजे होतं," म्हणाल्या. काडीत चढलेलं शिसं राखेत गोळा होऊन लेकराच्या दुधात जाऊन राहिलं होतं, अन् उरलेलं खताबरोबर परत मातीत.

अनुसयानं पातेलं खाली ठेवलं न्हाई. तशीच धरून बसली.

निता म्हणाली, "आता राख बंद केली तरी माझा भरवसा न्हाई." तिचंबी काय चुकलं? तिचा लेक रणजीत आईला म्हणाला, "याडी, तूबी चल. वावर बटईनं दुसऱ्याला कसायला देऊ." मला वाटलं, सुटली बाई.

तर ही म्हणते, "बटईवाला तिथं भाजी लावील. त्याला लेकरं न्हाईत काय?"

"मग पडीक ठेव," मी म्हणलं.

"ढोरं चरतील. त्यांचं दूध कुणाच्या पोटात जाईल?"

मी तर खवळलेच. "मरेपर्यंत त्या विषावर पहारा देत बसणार हायेस काय?"

"व्हय," म्हणाली. "दुसरं कोण बसल?"

त्यांच्या निघायच्या दिवशी नाक्यावर पुण्याची बस आली. मिनानं घे म्हणून दोन्ही हात वर केले. अनुसयानं सकाळपासून साबणानं हात धुऊन धुऊन लाल केले होते, तरी ते पदराखालीच धरून उभी राहिली.

"नगं बाळा," म्हणाली, "दादीचे हात घाण हायेत."

लेकरू रडतच बसमधी चढलं.