बैलाच्या पायांची खुर्ची

माझ्या बाहुल्यांना कुणी खेळणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. खेळणं पोरांच्या हातात जातं, दोन दिवसांत त्याचा हात निघतो, चौथ्या दिवशी ते पलंगाखाली सापडतं. माझ्या बाहुल्या लग्नाच्या रुखवतात मांडल्या जायच्या, नाहीतर सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या हौशी बाईच्या काचेच्या कपाटात बसायच्या. वीतभर उंची, आत तार आणि कापूस, वर चहाच्या पाण्यात रंगवलेलं मलमल. डोळे आणि ओठ एकेरी धाग्यानं भरलेले. 'आमचे आजोबा करून द्या, छत्रीसकट' असं कुणी सांगितलं की मी आजोबा करायची, छत्रीसकट. लोक बघून म्हणायचे, अगदी हुबेहूब! मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपूरच्या नंदनवन भागात घर बांधलं तेव्हा आजूबाजूचे निम्मे प्लॉट रिकामे होते आणि भर दुपारी गाई आमच्या फाटकाला अंग घासायच्या. नवरा ऑफिसात गेला की पुढची खोली माझी. तिथे कापूस, चिंध्या, दोऱ्यांची रिळं असा सगळा पसारा. लुगड्यांसाठी मी खापा गावच्या एका विणकराकडून उरलेले तुकडे आणायची, कारण बाजारातल्या साडीचे काठ वीतभर बाईला फार रुंद होतात. काठ चुकला की सगळी बाहुली खोटी दिसते.

आणि बाहुलीपेक्षा जास्त डोकं खायचं ते तिचं सामान. पलंग, झोपाळा, शिवणाची मशीन, देव्हारा, तांब्या ठेवायची तिवई. बाहुली कितीही चांगली जमली तरी पलंग जरा मोठा झाला की ती आजारी दिसते आणि लहान झाला की राक्षसीण. हे सामान मी महाल भागात चितारओळीच्या मागे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून करून घ्यायची. त्याचा खरा धंदा लाकडी बैलांचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा असतो, लाकडी बैल सजवून पोरं घरोघर फिरतात. ते बैल तो वर्षानुवर्षं करत होता. बाकीच्या महिन्यांत माझे पलंग आणि खुर्च्या. हात सोन्यासारखा, पण माप सांगितलं की ऐकल्यासारखं करायचा आणि मनाचंच करायचा.

एका उन्हाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या सिस्टर माझ्याकडे आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळं नंदनवन त्यांना सिस्टरच म्हणायचं. तिशीच्या आतल्या, एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, मले माझी माय करून पायजे."

मी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. "फोटो आणलाय?"

"फोटो नाही. कधी काढलाच नाही."

माय कुहीकडच्या एका खेड्यात भाताच्या रोवणीला जायची. सिस्टर बारा वर्षांच्या असताना तापानं गेली. बुटकी होती, सावळी होती, डाव्या हाताला गोंदण होतं, लुगडं हिरवं नाहीतर तांबडं. एवढं सांगून त्या थांबल्या. नाक कसं होतं विचारलं तर म्हणाल्या, "नाकासारखं नाक."

बिनफोटोचं काम मी घेत नसे. हे का घेतलं ते सांगते: गर्व. म्हटलं, एवढी वर्षं चेहरे भरतेय, एका रोवणीवाल्या बाईचा चेहरा जमणार नाही होय?

नाही जमला. पहिला चेहरा बघून सिस्टर म्हणाल्या, "ही तर आमची काकू वाटते." दुसरा पाहून नुसती मान हलवली. तिसऱ्याला मी चार दिवस घातले, कूलरचं पाणी भरायचंसुद्धा विसरले, आणि तो त्यांनी उजेडाकडे धरून इकडून तिकडून बघितला आणि हळूच खाली ठेवला. मग माझा तोल गेला. म्हटलं, "हे बघा सिस्टर, असंही नाही, तसंही नाही. मग कसं ते तरी सांगा. मी काय ज्योतिषी आहे?"

त्या रागावल्या नाहीत. मांडीवरच्या पर्सची चेन उघडत-लावत म्हणाल्या, "कसं सांगू ताई? मले तिचा चेहरा आठवेनासा झाला. मागच्या साली आठवे. आता डोळे लावले का वॉर्डातल्या बायाच दिसून राहिल्या. म्हणून तर तुमच्याकडे आली, का पुरता जायच्या आधी कुठं तरी धरून ठेवावा."

तोपर्यंत मला ती ऑर्डर वाटत होती.

चेहरा बाजूला ठेवून मी सामानाला हात घातला, कारण तिथे तरी माझा हुकूम चालतो असं मला वाटायचं. खेड्यातली, रोवणीला जाणारी बाई म्हटल्यावर मी सिस्टरांना न विचारताच मिस्त्रीकडून जातं, उखळ आणि मुसळ करून आणलं, मातीची चूल घातली, बोटभर सूप विणलं. सगळं फळीवर मांडलं आणि त्यांना मोठ्या ऐटीत बोलावलं.

त्यांनी एकेक वस्तू उचलून पाहिली. "होतं हे सगळं आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "पण खुर्चीबी होती."

"खुर्ची?" मी म्हटलं.

त्या एका शब्दात माझ्या मनातलं सगळं बाहेर पडलं आणि ते त्यांना बरोबर कळलं. माझ्या डोक्यात त्या घराचं चित्र आधीच काढून ठेवलेलं होतं आणि त्यात खुर्ची नव्हती. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. त्यांनी मात्र शांतपणे सांगितलं, छप्पन साली, धम्मदीक्षेच्या वर्षी, त्यांचे बाबा नागपूरहून एक खुर्ची घेऊन आले होते. लाकडी, वेताच्या विणीची, हाताची. बसच्या टपावर टाकून आणली आणि पुढे फाट्यापासून डोक्यावर. म्हणाले, आता आपल्या घरी माणूस आला तर तो खुर्चीवर बसन, आणि आपणबी बसू. गावात त्यांच्या वस्तीत तेवढी एकच खुर्ची. माय ती रोज पुसायची.

"मग तिला खुर्चीवर बसवू या," मी म्हटलं.

"ती बसत नव्हती," सिस्टर घाईनं म्हणाल्या. "कधीच नाही. बाजूले ठेवा. ती खालीच बसन."

ठीक आहे, म्हटलं, बाजूला ठेवू. जातं-उखळ मी ट्रंकेत टाकलं आणि मिस्त्रीकडे गेले. खुर्चीचं माप कागदावर लिहून दिलं, वर सुतळीचा तुकडा उंचीएवढा कापून दिला, म्हणजे बहाणा नको. तो म्हणाला, "होते बाई, काळजी नका करू." तिथेच मी ओळखायला हवं होतं. श्रावण लागला होता, त्याच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडेतिकडे बिनशिंगांचे बैल.

आठ दिवसांनी खुर्ची हातात आली आणि मी तिथेच त्याच्या ओट्यावर बसले. पाठ सुरेख, हात सुरेख. आणि खाली चार लांब पाय, वर मांडीसारखे जाड, खाली निमुळते होत गेलेले, टोकाला खूर.

"मिस्त्री, हे बैलाचे पाय आहेत."

"मग? पोळा तोंडावर आला न बाई. पाय कापून तयार होते, ठोकले. बैलाले चार, खुर्चीले चार. कोण पाहून राहिलं खाली वाकून?"

"आणि उंची? मी सुतळी दिली होती."

त्यानं इकडेतिकडे बघितलं. ती सुतळी त्यानं एका बैलाच्या गळ्यात बांधली होती.

भांडून उपयोग नव्हता. खूर तासून आणि पाय अर्धे कापून घ्यायला पोळ्यानंतर यावं लागणार होतं. मी ती खुर्ची पिशवीत घालून, सगळ्या महालाला शिव्या देत घरी आले. बैठक तेवढी बारीक दोऱ्यानं विणून घेतली, आणि उंची किती कमी करायची ते बघायला म्हणून सिस्टरांच्या मायच्या बाहुलीचा बिनचेहऱ्याचा सांगाडा लुगड्यासकट तिच्यावर बसवला. पाय फळीपासून दोन बोटं वर लटकत राहिले. पाय तरी काय, वळवलेली तारेची टोकं आणि वर कापड. उभ्या बाहुलीचे पाय कोण बघतं? मी कधी बोटं केलीच नव्हती.

तेवढ्यात ड्यूटीवरून येता येता सिस्टर डोकावल्या. मी घाईघाईनं सांगायला लागले, की हे असं राहणार नाही, त्या म्हाताऱ्यानं घोळ घातलाय, पाय कापून घेते. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या दारातच उभ्या होत्या. मग आत आल्या, फळीसमोर खाली बसल्या आणि एका बोटानं ते लटकते पाय हलवून पाहिले.

"ताई, मी तुम्हाले खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "ती बसली होती. एक डाव."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

"रोवणीचे दिवस होते. मी शाळेतून लवकर आली. घरात कोणी नव्हतं. माय खुर्चीवर बसली होती. पाय धुवून बसली होती ताई, पायाचं पाणी टपकून राह्यलं होतं. बुटकी होती न, तर पाय खाली पुरेचना. असे हलवून राहिली होती, लहान पोरीवाणी. आणि मी हसली. दारातून जोऱ्यानं हसली. ती झटकन उतरली. 'काहून हासून राहिली वं,' म्हणे, आणि पदरानं ते वेत पुसून काढलं. मग कधीच नाही बसली. बाबा म्हणत, बस वं, तुह्यासाठीच तर आणली. तर म्हणे, मले खालीच बरं वाटते." त्यांनी लटकत्या पायांवरचं बोट मागे घेतलं. "दोन सालांनी गेली. मी तिच्या पायाले हसली होती, ताई."

लहान होतात तुम्ही, असं काहीतरी म्हणाले असेन. असं बोलणं कुणाच्या कामाला येत नाही. मग माझ्या धंद्याचाच प्रश्न तोंडात आला. विचारलं, "तेव्हा चेहरा कसा होता तिचा?"

"चेहरा दिसलाच नाही. ती खाली पायाकडे पाहून राहिली होती."

इतके दिवस मी चेहऱ्यामागे लागले होते, आणि त्यांच्या आठवणीत मान खाली होती. त्या रात्री मी सांगाड्याची मान उसवली आणि तार पुढे वाकवली. पुढचे दोन आठवडे मी फक्त पाय केले. आयुष्यात पहिल्यांदा बाहुलीला दहा बोटं केली, टाचेच्या भेगा तपकिरी धाग्यानं घातल्या, नखांना एकेक टाका. चिखलात उभं राहून बोटं फाकतात तशी फाकवली. चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन मिटल्यासारख्या रेघा आणि ओठांची एक कड, बस्स. खाली वाकून बघितलं तरच दिसेल अशी. खुर्चीचे पाय कापले नाहीत. खूरसुद्धा तसेच ठेवले, सिस्टरांनीच हात लावू दिला नाही.

एक गोष्ट मात्र मी आजवर केली नव्हती ती केली. माझ्या बाहुल्या सामानाला कधी जोडलेल्या नसायच्या. लोकांना त्या उचलून इकडच्या तिकडे मांडायला आवडतात, आज झोपाळ्यावर, उद्या पलंगावर. या बाईला मी लुगड्याच्या आतून, बैठकीच्या विणीत सुई घालून, जाड दोऱ्यानं शिवून टाकलं.

पोळा होऊन गेला होता. बाहुली न्यायला सिस्टर आल्या त्या पांढऱ्या स्वच्छ साडीत, सुट्टीच्या दिवशी. फळीसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि गाल फळीला टेकेपर्यंत वाकल्या, तिचा चेहरा बघायला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहाचं आधण ठेवलं. तीच आहे की नाही हे मला विचारायचं होतं, खूप विचारायचं होतं, पण माझा धीर झाला नाही.

परत आले तर त्या खुर्ची हातात घेऊन, उलटी करून खालची बाजू बघत होत्या. बाई पडली नव्हती. त्या विणीतून बाहेर आलेल्या माझ्या गाठींवरून त्यांनी बोट फिरवलं.

"शिवली का हो?"

"हो," मी म्हटलं. "आता ती निघणार नाही. तुम्हाला नको असेल तर उसवून देते."

"नको नको," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी खुर्ची सरळ केली, लुगड्याचा काठ नीट केला. "राहू द्या तशीच. आता मी घरात आली तरी तिनं उतरू नये."