मागे घेतलेलं ताट

संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेलेली आमच्या नायगावच्या चाळीतली माणसं त्या दिवशी सुटून येणार होती. आम्ही बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या होतो. काखेत वळकटी घेतलेला एक माणूस पुढे आला. मी त्याला कुंकू लावलं.

"बाई, थांबा. मी त्यातला नाही," तो म्हणाला. "दंग्यात धर्माच्या नावानं एकाचं दुकान जाळलं. तो आत होता. दहा वर्षं भोगून आलोय."

"अगो, ताट मागे घे!" शेजारच्या काकू ओरडल्या. मी घेतलं. त्यानं बाहीनं कपाळ पुसलं.

तो आमच्याच चाळीतल्या बहिणीकडे राहिला. तुरुंगात शिकलेलं वेताचं काम करायला जिन्याखाली बसायचा. कोणी आलं की पाय आखडून वाट द्यायचा. काम मात्र कोणी देत नव्हतं.

एकदा म्हणाला, "वहिनी, गॅलरीतली तुमची फाटकी खुर्ची द्या ना विणायला. तुमची बघून बाकीचे देतील. दंग्यातली जुनी मंडळी परत बोलावतायत. मला त्यांच्यात जायचं नाही."

"ह्यांना विचारते," मी म्हणाले. काकूंच्या भीतीनं विचारलंच नाही.

महिन्याभरात जिन्याखालची जागा रिकामी झाली. तो कुठे गेला, हे बहिणीला विचारायचा मला धीर झाला नाही.

परवा खुर्चीवर फळी ठोकताना हे म्हणाले, "अगं, खाली तो माणूस बसायचा ना? त्याला का नाही दिलीस?"

मी त्यांच्या हातात खिळे देत राहिले.